शंभराच्या आत

फॉर्मवर एकच रकाना रिकामा होता. बाकीचे सगळे टन्याने भरले होते. वय अठ्ठेचाळीस, आधीचं वजन एकशे बावन्न, आताचं अठ्ठ्याहत्तर, रक्तगट, औषधांची ॲलर्जी नाही. तळाशी छापलं होतं, 'शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवस सोबत राहणारी घरची व्यक्ती : नाव, नातं, सही.' तिथे पेन टेकायचं आणि उचललं जायचं.

"घरी कोण असतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं.

"मी असतो."

"आणि?"

"आणि मीच."

त्या हसल्या नाहीत. "हे बघा, पोटावरची सगळी सैल कातडी काढायची म्हणजे या कमरेपासून त्या कमरेपर्यंत टाके. जखमेतलं पाणी काढायला दोन नळ्या. आठ दिवस तुम्हाला सरळ उभं राहता यायचं नाही, पाण्याची बादली उचलता यायची नाही. रात्री उठवायला, बसवायला माणूस लागेल. माणूस नसेल तर मी हात लावणार नाही."

"नाही काढली तर?"

"दोनदा ताप येऊन गेलाय ना? घडीत जखम होते, ती वाळत नाही, आणि विष अंगात जातं. तिसऱ्यांदा कदाचित ताप येऊन जाणार नाही, राहील." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "मंगळवारची तारीख आहे. शुक्रवारपर्यंत फॉर्म द्या. कुणीतरी असेल की हो. एवढं जग पडलंय."

जग पडलं होतं खरं. टन्या त्यातून चालत घरी आला.

चौऱ्याहत्तर किलोंचा पाहुणा वर्षानुवर्षं अंगावर राहून गेला होता आणि जाताना अंथरूण गुंडाळायचं विसरला होता. रोज सकाळी न्हाताना टन्या पोटाचा तो पदर डाव्या हाताने उचलून धरायचा, उजव्या हाताने त्याखालची घडी धुवायचा. मऊ कापडाने टिपायचा. मग पंख्याखाली पदर हातात धरून उभा राहायचा, कुणी दुसऱ्याची वस्तू सांभाळत ताटकळावं तसा. मग पावडर. मग कातडीला कातडी लागू नये म्हणून जुन्या चादरीची पट्टी घडीत घालायची आणि वरून एक घट्ट बंडी. बंडी चढवता चढवता असा घाम फुटायचा की झालेली आंघोळ फुकट जायची. दाढी करताना गाल कानापर्यंत ओढून धरावा लागे. जिना उतरताना पोट एक पायरी मागून यायचं. हात हलवून कुणाचा निरोप घ्यायचं तर त्याने सोडूनच दिलं होतं, कारण हात थांबला तरी दंड निरोप घेतच राही.

झोपायला कुशीवर वळला की कातडी त्याच्या आधी गादीवर जाऊन पडे. शेजारी कुणी निजलंय असं वाटे. हात लावला की आपलंच अंग.

आणि सदरा चढवला की यातलं काही म्हणजे काही दिसत नसे. "काय झक्क बारीक झालात हो! काय खाता, आम्हालाही सांगा!" रस्त्यात लोक अडवून विचारत. टन्या हसून म्हणे, "हवा."

टन्या हे नाव गाडीवाल्यांनी ठेवलेलं. गावाबाहेर मालट्रकांचा मोठा वजनकाटा होता, रस्त्यातच बसवलेला अठरा मीटरचा लोखंडी पूल. त्याच्या कडेच्या खोलीत खिडकीशी बसून टन्या सतरा वर्षं गाड्या तोलत होता. खडी, सिमेंट, लाकूड, भंगार. गाडी भरून आली की एकदा तोलायची, रिकामी होऊन परतली की पुन्हा. भरल्यातून रिकामं वजा केलं की माल. गाडीचं स्वतःचं वजन कुणी विचारात घेत नाही, ती नुसती वाहून नेणारी.

बुधवारी दुपारी मिशीवाला आला. खडीची गाडी चालवणारा, टन्याचा त्यातल्या त्यात मित्र. चिठ्ठी घ्यायला खिडकीत डोकं घालून म्हणाला, "आधी तू खिडकीत मावत नव्हतास, आता खिडकीत हुडकावा लागतोस."

"मिशा, एक काम होतं."

"बोल."

"पंधरा दिवस माझ्या घरी राहशील?"

"का रे, बायको माहेरी गेली? अरे हो, तुला बायकोच नाही."

टन्याने सांगितलं. कातडीचं, टाक्यांचं, नळ्यांचं. मिशीवाल्याने ऐकता ऐकता मिशीचं टोक तोंडात घेतलं.

"मी येईन रे. देवाशपथ येईन. पण रक्त दिसलं की मी आडवा. मुलीचं नाक फुटलं होतं तर आधी मला उचलून नेलं दवाखान्यात. तुझ्या नळ्या बघायच्या म्हणजे तू खाटेवर नि मी खाटेखाली." मागून दुसऱ्या गाडीने भोंगा वाजवला. त्याच्याकडे न बघता मिशीवाला हळूच म्हणाला, "आणि घरचं माणूस म्हणजे... तुझी वहिनी आहे ना?"

टन्याने मागच्या गाडीला हिरवा दिवा दिला.

दादा त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. शाळेत भूगोल शिकवायचा. लहानपणी दोघं शाळेला निघाले की आई दाराशी कपडे पिळता पिळता काहीबाही जुळवून म्हणायची:

*थोरला गं माझा बाळ, वाट चालतो पुढून*
*धाकटा गं माझा बाळ, येतो धापत मागून*

धाकटा धापा टाकतच यायचा. थोरला वळणावर थांबायचा. आयुष्यभर हेच चालत आलं होतं.

मग दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुवायचं. टन्याचं रक्त जुळलं. टन्या म्हणाला, "घ्या काढून, मला एक पुरे." तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याला वजन करायला पाठवलं. तिथला काटा एकशे तीसला थांबला, म्हणून त्याला मागच्या दाराने धोबीखान्यात नेऊन मळक्या चादरींची गाठोडी तोलायच्या काट्यावर उभं केलं. धुणाऱ्या बायका बघत होत्या. एकीने तोंडाला पदर लावला. एकशे बावन्न.

"शंभराच्या आत या," डॉक्टर म्हणाले, "मग पुढच्या तपासण्या सुरू करू. या वजनावर तुम्हाला भूल द्यायची म्हणजे एकाऐवजी दोन जीव जायचे."

त्या दिवसापासून टन्याने ताटाशी वैर धरलं. सकाळ-संध्याकाळ काट्यापासून नाक्यापर्यंत चालला. दादा फोनवर म्हणायचा, "टन्या, जेवत जा रे. तूच उपाशी मेलास तर मी कुणाची घेऊ?" दोघं हसायचे. दादाला हसताना धाप लागायची. धाप आता भावाने भावाला दिली होती.

घरच्या काट्याची स्प्रिंग पहिल्याच दिवशी टन्याच्या वजनाने बसली होती, म्हणजे कायमची. धोबीखान्यात पुन्हा पाऊल टाकायचं नव्हतं. राहिला गाड्यांचा काटा. दर शनिवारी शेवटची गाडी गेली की तो पुलाच्या मधोमध उभा राही आणि खिडकीतून आकडा वाचे. हा काटा साठ टन तोलणारा. तो दहा-दहा किलोंनी, जवळच्या दहावर बोले. एकशे पन्नास. कित्येक आठवडे एकशे पन्नास. मग एकदम एकशे चाळीस. दहाच्या मधलं त्याला दिसत नसे. पुलाच्या कडेला पत्र्याची पाटी होती, 'दोनशे किलोंच्या आतलं वजन ग्राह्य धरू नये.' ती पाटी टन्या स्वतः दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसायचा.

आणि चौदाव्या महिन्यात आकडा शंभरावर आला. शंभर म्हणजे एकशे चारही असेल, टन्याने विचार केला. आपण तोलणारे, आपलं माप शंकेचं नको. पुन्हा त्या दारात जायचं ते एकदाच, छाती काढून. नव्वद दिसू दे. पुढच्या शनिवारी शंभर. त्याच्या पुढच्या शनिवारी शंभर. टन्याने संध्याकाळचं जेवण सोडलं. शंभर. शंभर. शंभर. दहाव्या शनिवारी नव्वद दिसलं तेव्हा तो पुलावर एकटाच ओरडला आणि धावत रस्त्याला लागला. दादाला सांगायला.

दादाला जंतुसंसर्ग झाला होता. तो शुद्धीवर नव्हता. पुढे आठ दिवसांनी तो गेला. दवाखान्याच्या बोळात वहिनी भिंतीला टेकून बसली होती. टन्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, "जरा लवकर झाला असतात बारीक, भाऊजी." त्यानंतर अकरा महिने दोघांचं बोलणं नव्हतं.

नव्वद दिसलं म्हणजे वजन चौऱ्याण्णव. आठवड्याला एक किलो उतरत होतं. मग शंभराच्या आत तो कधी आला? हिशेब साधा होता, तिसरीतल्या पोराचा. पाच आठवडे. पाच आठवडे तो शंभराच्या आत होता आणि लोखंडाला विचारत बसला होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आणि वजन तसंच उतरत राहिलं.

गुरुवारी वहिनीची सुट्टी असे. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. टन्याने दोन मजले चढून घंटी वाजवली. दार उघडलं आणि वहिनीचा हात कडीवरच राहिला. ती भिंतीला टेकली.

टन्याला कळेना. मग तिच्या पाठीमागे कपाटाच्या आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसला. गालफडं, लांब नाक, खोल डोळे. चरबीखाली इतकी वर्षं दादाच होता, हे त्याला माहीत नव्हतं.

"वहिनी, मी आहे."

"हो," ती म्हणाली. "कळलं आता." मग दार पूर्ण उघडून म्हणाली, "असे न कळवता येत जाऊ नका."

तिने बसा म्हटलं. पाणी नको म्हटलं तरी आणलं. टन्याने फॉर्म पुढे केला. तिने चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून वाचला.

"मी काय करायचं यात?"

"शेवटची सही. आणि पंधरा दिवस राहायचं."

"मीच का?"

"दुसरं कुणी नाही."

"गोड बोलला नाहीत ते बरं केलंत," वहिनी म्हणाली. तिने पेन घेण्यासाठी हात पुढे केला, आणि तिथेच टन्या म्हणाला,

"थांबा. सहीच्या आधी एक ऐका. ऐकून नको वाटलं तर नका करू."

त्याने सांगितलं. धोबीखाना, लोखंडी पूल, दहा-दहा किलो, पाच शनिवार. सांगताना तो पाण्याच्या पेल्याकडे बघत होता. सांगून झालं तरी बघत राहिला.

"भिंग घासताना अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी चौकटीत बसत नाही," वहिनी सावकाश म्हणाली. "आणि तुम्ही दहा-दहा किलोंनी? माणूस असा मोजतात, भाऊजी?"

"गाड्या मोजतात."

"कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काटा होता. साध्या दुकानात."

"हो."

"लाज वाटली म्हणून?"

"लाज वाटली. आणि काट्यावर भरवसा होता. सतरा वर्षांचा."

बाहेर कुणीतरी गादी झोडपत होतं. धप्प, धप्प. वहिनीने चष्मा काढला.

"डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या तपासण्यांनाच दोन महिने गेले असते."

"मलाही म्हणाले."

"मग?"

"मग काय. पाच आठवडे ते पाच आठवडेच."

ती उठून खिडकीशी गेली. तिकडे तोंड करूनच बोलली. "ते रोज विचारायचे. टन्याचा फोन आला का, शंभर झालं का. मी म्हणायचे, येईल. मग मी चिडायला लागले. एकदा मीच म्हणाले, तुमचा भाऊ जेवायला बसला असेल." गादीचा आवाज थांबला होता. "त्या दिवशी रात्रीपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांना ताप चढला. मग बोलण्यासारखं काही राहिलं नाही."

टन्याला त्या महिन्यांतली भूक आठवली. ती आता पुन्हा आली.

"दाखवा," वहिनी वळून म्हणाली.

"काय?"

"ज्याच्यासाठी आलात ते. बघितल्याशिवाय मी कशावर सही करत नाही."

"वहिनी, ते बघण्यासारखं नाही."

"दोन वर्षं त्यांच्या हातातल्या नळीची जागा रोज बघितली मी. ते काय बघण्यासारखं होतं?"

टन्याने सदऱ्याची बटणं काढली. बंडी उतरवायला वेळ लागला, ती दंडाशी अडकली, तेव्हा वहिनीने एक बाही ओढून धरली. पट्टी निघाली आणि पदर खाली आला. सुरकुतलेला, पांढरट, मांड्यांपर्यंत. टन्याने भिंतीकडे मान केली. ती हसली नाही. अरेरे म्हणाली नाही. टन्याची दोन्हींसाठी तयारी होती, या गप्प राहण्यासाठी नव्हती.

"वर धरा," ती म्हणाली.

त्याने धरलं. घडीत लाल झालेलं होतं, एका जागी चिघळलेलं.

"पावडर कुणी सांगितली?"

"मीच."

"बंद करा. ओल धरून तिचे गोळे होतात, ते घासतात." ती आत गेली. कोमट पाण्याचं भांडं आणि कापूस घेऊन आली, खाली बसली आणि ती घडी पुसू लागली. आधी कडा, मग मधलं. डॉक्टरीणबाईंचे हातमोजे सोडले तर किती दिवसांनी त्याच्या अंगाला दुसऱ्याचा हात लागत होता. तिच्या बोटांची टोकं भिंगं घासून खरखरीत झाली होती. टन्याने दात आवळले. ती म्हणाली, "झोंबतंय?" तो म्हणाला, "हो." झोंबत नव्हतं.

"एवढं सगळं त्यांच्यासाठी?" कापूस बदलता बदलता तिने विचारलं. नजर वर केली नाही.

"शंभरापर्यंत त्याच्यासाठी. पुढे..." टन्या अडखळला. "पुढे थांब म्हणायला कुणी नव्हतं."

तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला.

बंडी चढवून झाल्यावर ती मेजाशी बसली. नाव लिहिलं. नात्याच्या जागी पेन अडलं.

"काय लिहू?"

"वहिनी."

"आहे अजून?"

तिने लिहिलं. खाली सही केली, शाई वाळू दिली आणि फॉर्मवर हात ठेवूनच म्हणाली, "राहीन मी. पंधरा दिवस. नळ्या बघेन, टाके बघेन, वेळेवर खायला देईन. रात्री हाक मारलीत तर उठेन. पण बोलणार नाही, भाऊजी. तुमचं तोंड असं आणि त्यातून आवाज तुमचा. मला जमायचं नाही. बोलायला लावू नका."

"चालेल."

"रागावून नाही म्हणत."

"चालेल, वहिनी."

"टीव्ही मोठ्याने लावू नका."

"माझ्याकडे टीव्ही नाही."

"मग संध्याकाळचं काय करता?"

टन्याने आठवून बघितलं. "बसतो."

तिने फॉर्मची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. तो दाराबाहेर पडून चपला घालत असताना ती चौकटीत उभी होती.

"एक विचारू?" टन्या म्हणाला.

"आत्ताच सांगितलं ना, बोलणार नाही."

"ते मंगळवारपासून ना?"

तिच्या ओठांची एक बाजू हलली, नाही हलली. "विचारा."

आणि टन्याला कळलं की विचारायचं होतं ते त्याला विचारता येणार नाही. दादाने त्या दिवशी बोलणं सोडलं ते तिच्यावर रागावून की भावाची वाट बघून थकून, हे तिलाही माहीत नसणार. "काही नाही," तो म्हणाला. "येतो."

तो जिना उतरू लागला. वर दार मिटल्याचा आवाज येईल म्हणून त्याने कान तिकडेच ठेवले. पहिली वळणाची पायरी आली, आवाज आला नाही. खालच्या मजल्यावर कुणाकडे तरी नळ वाहत होता. वर मान करून बघायचा त्याला धीर झाला नाही. त्याने फक्त पावलं हळू केली.